पाद्रीसाहेबांच्या थडग्यावरचा चुना

प्रभूमध्ये प्रिय पुतण्या रत्नाकर, सलाम.

उत्तराला चार महिने उशीर झाला, माफ कर. दोन पत्रं लिहून टेबलाच्या खणातच राहिली.

आपल्या ख्रिस्ती देवळाच्या पुस्तिकेसाठी तू विल्मट पाद्रीसाहेबांची माहिती मागितलीस. इंग्रजांच्या काळात ते विलायतेहून आले, शाळा काढली, पटकीच्या साथीत आजाऱ्यांपाशी राहिले आणि त्यातच गेले. आजोबा एवढंच सांगायचे. बाकी सगळं थडग्यावर कोरलेलं होतं.

परवा इथं जपानात लेकीच्या सासूबाईंबरोबर त्यांच्या यजमानांच्या कबरीवर गेलो. त्या पाणी ओतून एकेक अक्षर फडक्यानं पुसत होत्या. लेकीनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "जिवंतपणी आंघोळीचा कंटाळा करायचे, आता बरे सापडलेत. तुमच्याकडे थडगी कोण धुतं?"

चाळीस वर्षं दर ईस्टरला पाद्रीसाहेबांच्या थडग्याला मीच चुना फासला, थरावर थर. अक्षरं बुजली. मला ती सेवाच वाटायची. शेजारी निजलेल्या त्यांच्या मडमेचं, म्हणजे बायकोचं नाव फक्त त्या दगडावर होतं, आणि मी ते कधी वाचलंच नाही.

हे पत्र टाकायचं धाडस मला झालंच, तर तू ते थडगं ओल्या फडक्यानं हळूच घासून बघ. एक अक्षर निघालं तरी लवकर कळव.

तुझा काका,
शांतवन