पट्ट्याला ढील किती

अंकल, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणून इतकी वर्षं ढकलत आणलंय की आता सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. मनालीत एकदा बसलो होतो लिहायला, तर समोर एका माणसाचं खेचर भर रस्त्यात बसलं आणि ते उठेपर्यंत मी तिथेच. गोव्यात पेन नव्हतं. म्हणजे होतं. असो. आज सुटका नाही, कारण पुरती ओहोटी लागायला अजून वेळ आहे, भाईंदरजवळच्या डोंगरीतल्या तुमच्या शेडमध्ये मी एकटाच आहे आणि बाहेर तुमचा बेडूक चाकांवर नवे रबरी पट्टे घालून उभा आहे. बेडूक हे नाव आंटीने ठेवलेलं, तुम्हाला ते कधीच आवडलं नाही. पण आठ चाकांची, जमिनीवर धावणारी आणि पाण्यात तरंगणारी ती उघडी हिरवी गाडी, कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून तुम्ही उचलून आणलेली, दुसऱ्या कशासारखी दिसते सांगा.

तुम्ही गेल्यावर आंटीने शेडला कुलूप लावलं ते लावलंच. माती देऊन आल्यापासून ती इथे पाय ठेवत नाही. मीही मग फिरत राहिलो, तुम्हाला माहितीच आहे माझं. अलीकडे तिचा फोन आला. "शेड खाली करते. भंगारवाल्याला सांगितलाय. तुला काय पायजे ते घेऊन जा, मागनं बोलू नको." मी आलो, ताडपत्री काढली, तर पट्टे उंदरांनी कुरतडलेले, रबराला भेगा, टायर बसलेले. इंजिन मात्र भरपूर विनवण्या केल्यावर खोकत खोकत उठलं. मी आंटीला म्हटलं, विकू नका, ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्या ओढायला जेटीवरचे लोक अजून विचारतात, मी चालवतो. ती हसली. तू? चालवतोस? किती दिवस? मग म्हणाली, "खाडीत जाऊन आपल्या पायानं परत आला तर ऱ्हाऊ दे. न्हाय आला तर टेम्पो हाय." भंगारवाल्याचा टेम्पो आज दुपारी येतोय. म्हणजे जे काय आहे ते या एका ओहोटीत.

नवे पट्टे मागवले, पण पट्ट्याची दोन टोकं जवळ ओढायला रॅचेटवाला, दांडा हलवत आवळायचा बेल्ट लागतो, तो आणायला काल भाईंदर पूर्वेला केबिन रोडला गेलो. जाताना एका दुकानात शिट्टी वाजली की डोळे मिटणारी बाहुली बघत बसलो, ते सोडा. हार्डवेअरवाला विचारतो, "कौन सी गाड़ी का?" मी म्हटलं, टायर के ऊपर रबर का पट्टा चढ़ाने का है, पानी में भी चलती है. तो गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "भाई, पहले डिसाइड कर, गाड़ी है कि नाव!" सगळं दुकान हसलं. मीही हसलो, आणि बसमध्ये बसल्यावर एकदम तुमची इतकी आठवण आली की डोंगरीचा स्टॉप मागे गेला तरी कळलं नाही.

कारण तुमचं भांडण तेच होतं ना माझ्याशी. मी बाइकच्या गॅरेजातून आलेलो, माझ्या लेखी चेन म्हणजे घट्ट ताणलेली पाहिजे. पहिल्यांदा पट्टे चढवायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. पट्टा जमिनीवर अंथरलाय, गाडी त्याच्यावर हळूच आणलीय, वरचं टोक चाकांवरून पुढे घेतलंय, दोन्ही टोकं ओढून ती जोडणारी सळई घातलीय. आणि वर मी शहाणा टायरमध्ये हवा ठासून भरतोय. पट्टा असा ताणला गेला की बोटाने वाजवला तर ढोलकीसारखा वाजला. तुम्ही आलात, वाजवून बघितलंत, म्हणालात, "मस्त वाजते. लग्नाला न्हेऊ?" आणि काहीही न सुधारता शेजारी बसून मला खाडीत घालायला लावलंत. तिवरांपर्यंत ठीक. मग वळवली आणि चिखल टायर न् पट्ट्याच्या मध्ये जाऊन बसला. आधीच जागा नाही, त्यात चिखल. बेअरिंग किंचाळायला लागलं आणि बेडूक जागच्या जागी गच्च. आंटी बांधावरून ओरडतेय, "जेवायला येताव का तिकडंच कालवा खाताव?" आणि तुम्ही आरामात चावीच्या टोकाने एकेका टायरची हवा सोडताय, फुस्स, फुस्स, आणि म्हणताय, घाई कुनाला हाय, भरती आली की हा आपोआप वर येईल, होडी हाय ती.

त्या संध्याकाळी ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही मला जेटीवर नेलंत आणि बांधलेल्या होड्या दाखवल्यात. "बघ, दोर कसा लोंबते. आता ओहोटीला कोनी ताणून बांधली, तर भरतीला काय व्हईल?" मी म्हटलं, होडीचं नाक पाण्यात जाईल. "मग? त्या पट्ट्याचं पन तेच हाय. चिखलाला आत यायला जागा ठेव, म्हंजे तो भाहेर पन जाईल." एवढीच काय ती बोलणी बसली. नंतर आंटीच्या स्वयंपाकघरात बोंबलाच्या कालवणाबरोबर ती हकिगत तुम्ही इतकी रंगवून सांगितलीत की ती हसता हसता मला म्हणाली, हात धू, बेडकाला घेऊन जेवतोस काय. त्या रात्री जाताना तुम्ही तुमचे वेल्डिंगचे हातमोजे मला दिलेत. मोठे होतात, अजून.

पण एक गोष्ट तुम्ही राहू दिलीत, अंकल. ढील किती, ते कधी सांगितलं नाहीत. मधल्या दोन चाकांमध्ये पट्ट्यावर तळहात दाबायचा आणि "हां" म्हणायचं, संपलं. तुमचा हात होता वल्ह्यासारखा. माझ्या हाताने दाबलं तर केवढं दबायला पाहिजे? कमी ठेवली तर बेडूक पुन्हा गच्च होणार, जास्त ठेवली तर वळणावर पट्टा चाकावरून उतरणार, आणि चिखलात उतरलेला पट्टा एकट्याने परत चढत नाही. सकाळपासून तीनदा हवा सोडली, तीनदा भरली. तळाचं बूच लावलंय, तपासलं. एक्सलला ग्रीस भरलंय. पट्टा दाबतो, "हां" म्हणून बघतो, पण ते माझ्या तोंडून खरं वाटत नाही.

हे सगळं ग्रीसच्या डब्यांच्या खोक्यावर लिहितोय, पोस्टात टाकायची सोयच नाही. तुमच्या कबरीवर ठेवावं तर फादर विचारतील कचरा कोणी टाकला. म्हणून शेवटचं एक सांगतो, कुणाला बोललो नाहीये. कच्छमध्ये वाळूतल्या गाड्यांचं काम आहे, ते लोक माझी वाट बघत होते. आंटीला वाटतं बेडूक राहिला काय न् गेला काय, मी सोमवारी निघणार. मी कच्छवाल्यांना काल रात्रीच नाही म्हणून कळवलंय. आज पट्टा उतरला तर माझ्याकडे इथे राहायला कारण काय, ते मला माहीत नाही. भीती वाटतेय, अंकल. पाणी खाली गेलंय, चिखल दिसायला लागलाय, आणि

थांबा. फाटक वाजलं. मला वाटलं टेम्पो लवकर आला. टेम्पो नाही, आंटी आहे. चर्चला जायचा झगा गुडघ्यापर्यंत खोचलाय, पायात तुमचे गमबूट. शेडमध्ये न बघता सरळ बेडकाजवळ गेली आणि तुमच्यासारखाच पट्ट्यावर तळहात दाबून बघितला. आता आत चढून चालवणाऱ्याच्या शेजारी, तुमच्या जागेवर बसलीय आणि माझ्याकडे बघून विचारतेय, "निघाल्यावर पकडायचा कुठं?"