पडद्यावर ताईची पाठ

४ फेब्रुवारी, बुधवार

काय सिनेमा होता! घरी येऊन दोन तास झाले, अजून न्हाणीघरात जायची हिंमत होत नाहीये. भुताचा सिनेमा — आणि भूत एकदाही दिसत नाही! त्या घरात राहायला आलेली बाई दिवा लावायला हात वर करते आणि बटण तिथे नसतंच. जरा खाली असतं. पुढच्या खेपेला आणखी खाली. शेवटी पार गुडघ्यापाशी! ते कुणाच्या इवल्याशा हाताला पुरावं म्हणून खाली आलंय हे कळलं, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी काकांचा हात घट्ट धरला. काकांनीही सोडवून घेतला नाही.

ताईला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे यात कुणी पडतच नाही? मग आम्ही खायचं काय?"

८ फेब्रुवारी, रविवार

नऊ वर्षं झाली ताई नट्यांच्या ऐवजी पडतेय. जिन्यावरून, छपरावरून, चालत्या ट्रकमधून. पडद्यावर चेहरा त्यांचा, पाठ आमच्या ताईची!

आज टीव्हीवर तिचा जुना मारामारीचा सिनेमा लागला. गोष्ट म्हणजे नुसता काला. पण पाठलाग? अहाहा! पुलावरून ताई झोकून देते तिथे मी दरवेळी श्वास घ्यायचा विसरतो. "आई, बघ बघ, ताईची पाठ!" — तर आई उठून स्वयंपाकघरात. नेहमीचंच. ताईच्या कपड्यांची फाटलेली ढोपरं शिवणार, कोपरं शिवणार, रोज काम संपल्यावर ताईचा फोन येईपर्यंत खुर्चीवर टेकणार नाही. फोनवर तरी काय असतं? "आई, चहा टाक, निघाले." बस. पण नऊ वर्षांत लेकीचा एक सिनेमा पाहिलेला नाही! एवढी कसली लाज वाटते हिला?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात आज चष्म्याच्या काचा कमी घासल्या, फुशारक्या जास्त मारल्या. वीस तारखेला ताईचा नवा सिनेमा येतोय. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून उडी, मध्ये कुठे कट नाही! आणि शेवटच्या पाट्यांत ताईचं नाव येणार. दिग्दर्शकाने तिला गेल्या वर्षीच शब्द दिलाय. नऊ वर्षांत पहिल्यांदा! मी दर सिनेमाला झाडूवाले आत येईपर्यंत पाट्या वाचत बसतो ते उगाच नाही.

मालक म्हणाले, "पाठीवरून कशी रे ओळखतोस?"

सोपं आहे. उडी मारायच्या आधी ताई उजवा खांदा एकदा झटकते, पाल पडल्यासारखा. जगात दुसरं कुणी तसं करत नाही.

घरी येऊन ताईला म्हटलं, अख्खं दुकान येणार आहे. "कशाला रे भिंग्या सगळ्यांना गोळा करतोस?" एवढंच बोलली आणि ताटावरून उठली. विनय किती असावा माणसात!

१५ फेब्रुवारी, रविवार

आज थरारपट. खुनी कोण ते दहाव्या मिनिटाला सांगून टाकतात — तरी पुढचे दोन तास मी खुर्चीच्या टोकावर! सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्याच्या बायकोला नाही. ती त्याला पांघरूण घालते, तो औषध घेतोय ना बघते. ओरडून सांगावंसं वाटत होतं. ज्याने लिहिलं त्याचे पाय धरायला हवेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शर्टाचं बटण तुटलं. सुईदोऱ्याचा डबा जागेवर नाही. आई म्हणाली, "कपाटावर ठेवलाय, हल्ली लागतो कुठे?" धूळ झटकून मीच लावलं. वाकडं लागलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल लिहवलं नाही.

सकाळचा पहिला खेळ, आमची अख्खी रांग. उडी आली. गच्चीच्या कठड्यावर ती पाठमोरी उभी. उजवा खांदा झटकला — मी मालकांना कोपर मारलं — आणि गेली! हात पसरून, एवढी शांत, कुणी अंथरुणात अंग टाकावं तशी. आवाज नाही, संगीत नाही. थिएटरात कुणाचं वेष्टनसुद्धा वाजलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ताईची आजवरची सगळ्यात भारी उडी!

मग पाट्या. उडीखाली एका भलत्याच मुलीचं नाव! माझं डोकंच फिरलं. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. त्याने जास्तच लागलं.

संध्याकाळी ताई आली तसा सुटलोच. चोर आहेत, फसवलं तुला, मी जाऊन तमाशा करतो!

ती चपला काढत म्हणाली, "नाव बरोबर आहे. उडी तिनेच मारली."

"खोटं! खांदा —"

"मी शिकवलं तिला. खांद्याचं नव्हतं सांगितलं. येड्या पोरीला वाटलं, तोही उडीचाच भाग आहे." हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "मी वर गेले रे. खाली बघितलं. पाय उचलेना. चार वेळा गेले, चार वेळा जिन्याने खाली आले. त्या दिवसापासून नुसती शिकवतेय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तेव्हाच सगळ्या गावाला सांगून बसला होतास."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर काचेतला बारीक ओरखडा शोधणारा मी. ही समोर बसून जेवत होती आणि मला काही दिसलं नाही.

आई चहा घेऊन आली. "मला माहीत होतं. चार महिने झाले, हिच्या कपड्याला टाका घालावा लागला नाही."

ताईने कप हातात घेतला. मग हळूच विचारलं, "कशी पडली रे पोरगी?"

"तुझ्यासारखी," मी म्हटलं. तेव्हा ती रडली. आम्ही दोघांनी रडू दिलं.

तशी उडी मारणारी एक ताई होती. आता दुसरीही घडवली तिने. मी अजून त्या उडीतच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई चष्मा पुसून माझ्यासमोर येऊन बसली. "हिच्या सगळ्या उड्या तुझ्याकडे आहेत ना? लाव. पहिल्यापासून."

"अगं, तू तर कधीच —"

"तेव्हा दुसऱ्या दिवशी तिला परत जायचं असायचं."

लावल्या. ताई शेजारीच बसली होती, तरी पहिल्या उडीला आईने डोळे मिटून घेतले.