कोणीही ‘निरपेक्ष’ म्हणू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, निवृत्त टर्नर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि रोज दुपारचे जेवण झाल्यावर थोडे थोडे लिहीत आलो आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर हे इतके लांबले नसते. यापूर्वी मी रागाच्या भरात दोन पानांत उरकलेले मृत्युपत्र रद्द समजावे. हेही रागातच लिहीत आहे, पण या वेळी सावकाश.

सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वेगळ्या कागदावर दिले आहेत. इथे मी माणसांना ज्या नावाने रोज हाक मारतो तेच लिहिणार. वकिलांनी मसुदा वाचून निम्म्याहून जास्त मजकुरावर लाल रेघ मारली आणि हे कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे असे सांगितले. मी म्हटले, आवश्यक तेवढेच बोलून मी पन्नास वर्षे काढली, आता राहू द्या.

कलम १. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. शिल्लक वाद घालण्याइतकी नाही. मुलीने मला तिच्याकडे राहायला तीनदा बोलावले, मी तीनदा नाही म्हटले, त्याबद्दल तिने मनात काही ठेवू नये. जावईबापू माणूस चांगला आहे. फक्त घरात शिरल्याबरोबर आधी छताकडे आणि भिंतींकडे बघतो, ती सवय त्याने सोडावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीनेच करायची आहे. जावईबापूंनी मदत करावी, सल्ला देऊ नये.

कलम २. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली रुग्णसाहित्य केंद्राला वापरायला द्यावी. तशी ती गेली एकोणीस वर्षे केंद्रच वापरत आहे. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पलंग, हवेच्या गाद्या असे सामान तिथे असते. ज्या घरात आजारपण आहे त्या घराला ते फुकट द्यायचे आणि गरज संपली की परत आणायचे, एवढेच केंद्राचे काम. मी त्या सामानाची दुरुस्ती करतो. केंद्र हे काम करील तोवर खोली त्यांची, पण कलम ६ मधल्या अटींवर. अध्यक्षांनी माझ्या मागे खोलीवर माझ्या नावाची पाटी लावू असे आश्वासन दिले आहे. पाटी लावायची तर आत्ता लावावी, मला वाचता येते आहे तोवर. मागाहून लावू नये.

कलम ३. लोखंड घट्ट धरायचा शेगडा, पान्यांचा संच, बेअरिंग काढायचा पुलर आणि टेबलाखालची लाकडी पेटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला. अकरा वर्षे तो केंद्राच्या चाकांचे आरे विनामूल्य सरळ करून देतो आहे. त्याला एकाही कार्यक्रमाचे आमंत्रण गेलेले नाही, कारण तो सभासद नाही. सभासद झालेल्यांपैकी निम्म्या लोकांना खुर्चीचा ब्रेक कुठे असतो ते ठाऊक नाही. ड्रिल मशीन पुतण्याला. ते सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेल्यापासून त्याच्याकडेच आहे, तेव्हा वेगळा ताबा द्यायची गरज नाही.

कलम ४. पुढच्या खोलीतल्या तीन खोक्यांत एकेचाळीस भिंतीवरची घड्याळे आहेत. स्वयंसेवकांना भेट म्हणून अध्यक्षांनी ती घाऊक बनवून घेतली. अध्यक्षांना आम्ही माईकसाहेब म्हणतो, कारण माईक एकदा हातात आला की तो परत घ्यायला दोन माणसे लागतात. घड्याळाच्या तबकडीवर त्यांचाच फोटो आहे आणि काटे त्यांच्या नाकावरून फिरतात. ज्याला मिळाले त्याने ते घरी लावले नाही, गुपचूप आणून इथे ठेवले. या खोक्यांनी दोन खुर्च्यांची जागा अडवली आहे. सर्व घड्याळे माईकसाहेबांना परत द्यावीत. त्यांचे घर मोठे आहे.

कलम ५. हे कलम कोणाला काहीही देत नाही. तरी ते वाचावे, आणि मोठ्याने वाचावे.

केंद्र दर वर्षी एका स्वयंसेवकाचा गौरव करते. त्याला घरच्यांसह पुढच्या रांगेत बसवतात, त्याने काय काय केले ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, मग टाळ्या होतात. बावीस वर्षांपूर्वी खजिनदारांच्या मेव्हण्याचा गौरव झाला. मेव्हणा वर्षभरात तीनदा आला होता, त्यातला एकदा विसरलेली छत्री न्यायला. मी भर सभेत उठून बोललो. बोललो म्हणून मला निवड समितीवर घेतले आणि नियम लिहायचे कामही माझ्याच गळ्यात पडले. मी एका बैठकीत नऊ नियम लिहिले. सातवा असा: निवड समितीच्या सदस्याचा, तसेच त्याच्या घरच्या कोणाचाही, गौरवासाठी विचार होणार नाही. सगळ्यांनी वाहवा केली. मी ताठ मानेने घरी आलो आणि हिला नियम वाचून दाखवले. ही भाजी निवडत होती. चांगले आहेत, म्हणाली.

ही म्हणजे माझी पत्नी. हिचे काम केंद्राच्या वहीत सापडणार नाही, कारण वहीत दोनच रकाने आहेत, वस्तू दिली आणि वस्तू परत आली. कशी परत आली याला रकाना नाही. खुर्ची दोन कारणांनी परत येते. माणूस चालायला लागतो, नाहीतर जातो. चालायला लागलेला माणूस स्वतः खुर्ची आणून देतो आणि आमच्याबरोबर हसून फोटो काढतो. दुसऱ्या घरातली खुर्ची कोपऱ्यात तशीच राहते, तिला हात लावायला कोणी धजत नाही. आमचे चिटणीस अशा घरी फोन करून विचारायचे, वस्तू केव्हा परत करताय. हिने ते एकदा ऐकले आणि त्यांच्या हातातून यादीच काढून घेतली.

त्यानंतर पंधरा वर्षे अशा प्रत्येक घरी ही स्वतः गेली. जाऊन आधी बसायची. खुर्चीचे नाव काढायची नाही. घरचे बोलायचे, ही ऐकायची, कधी पाऊण तास, कधी दोन तास. शेवटी घरातलेच कोणीतरी म्हणायचे, ती खुर्ची नेता का? मगच ही उठायची आणि रिकामी खुर्ची रस्त्याने ढकलत घरी आणायची. काही घरी नंतरही जात राहायची, न्यायला काही नसताना. माझे काम हिच्यानंतर सुरू व्हायचे, ब्रेक, बेअरिंग, ट्यूब. दोन्हींतले अवघड कोणते, हे मला तेव्हाही कळत होते.

गौरवासाठी कोणीही कोणाचेही नाव चिठ्ठीवर लिहून सुचवायचे असते. चिठ्ठ्या उघडायचे काम माझे. हिचे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा मला आनंद झाला आणि मी चिठ्ठी बाजूला काढली. नियम सात. पुढे आणखी पाच वर्षे हिचे नाव निघाले. एका वर्षी तर चार चिठ्ठ्या होत्या, चार वेगवेगळ्या अक्षरांतल्या. सगळ्या मीच बाजूला काढल्या आणि घरी काही बोललो नाही. मी समिती सोडली असती तर प्रश्नच मिटला असता. राजीनामा दोन ओळींचा असतो. तो मला सुचला नाही, असे मी स्वतःला इतकी वर्षे सांगत आलो. इथे शुद्धीत लिहायचे आहे म्हणून खरे लिहितो. सुचला होता. पण नियम करणारा माणूस म्हणून माझा जो मान होता, तो मला सोडवला नाही.

ही अंथरुणाला खिळली तेव्हा पुढच्या खोलीतलाच एक पलंग आत घेतला. एका दुपारी मी हिला चिठ्ठ्यांचे सगळे सांगून टाकले. ही हसेल, म्हणेल, मला काय करायचंय त्याचं, असे मी धरूनच चाललो होतो. हिने उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “मला हवं होतं हो ते. एकदा तरी. मी काय करते, ते कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.”

मी नियमाचे काहीतरी बोलायला गेलो. हिने मला थांबवले.

“समितीचं जाऊ द्या. तुम्ही तरी घरात कधी म्हणालात?”

कधीच म्हणालो नव्हतो. त्या दुपारीही म्हणालो नाही. अकराव्या दिवशी ही गेली.

शोकसभेत माईकसाहेब चाळीस मिनिटे बोलले. वहिनींची सेवा निरपेक्ष होती, त्यांनी कधी कशाचीही अपेक्षा केली नाही, हे त्यांनी निरनिराळ्या आवाजांत सांगितले. मला पुढच्या रांगेत बसवले होते. मला उठून ओरडायचे होते की हे खोटे आहे. मी बसून राहिलो आणि सगळ्यांबरोबर मान डोलावली. त्याची लाज मला रोज वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी समितीचा राजीनामा दिला. नियम सात काढून टाका, असे पत्र तेव्हापासून चार वेळा दिले. पहिल्या दोन वेळी पुढील बैठकीत विचार करू असे उत्तर आले. तिसऱ्या वेळी माईकसाहेब म्हणाले, नियम उत्तम आहे, तुम्हीच तर केलाय. चौथे पत्र हरवले.

कलम ६. म्हणून पुढच्या खोलीच्या अटी अशा. एक, माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत नियम सात रद्द करावा. दोन, वहीत तिसरा रकाना आखावा आणि वस्तू कोणी आणली ते त्यात लिहावे. सभासद असो वा नसो. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर खोली मुलीची, मग जावईबापूंनी ती खुशाल भाड्याने द्यावी. तिसरी अट अशी की, कोणी चांगले काम केलेले दिसले तर ज्याने पाहिले त्याने ते त्याच आठवड्यात त्या माणसाला तोंडावर सांगावे. हे तपासणार कसे, असे वकिलांनी विचारले. तपासता येणार नाही, हे मलाही समजते. तरी लिहिले आहे.

कलम ७. माझी शोकसभा घ्यायचीच असेल तर दहा मिनिटांत आटपावी आणि माईक लावू नये, खोली लहान आहे. माझ्याबद्दल कोणीही ‘निरपेक्ष’ हा शब्द वापरू नये. मला अपेक्षा होत्या. एखाद्या दिवशी कोणीतरी दारातून डोकावून विचारावे, आज किती खुर्च्या झाल्या, कंबर दुखते का, अशी अपेक्षा होती. एकोणीस वर्षांत असे विचारणारी ही एकटीच. आणि तिला मी काय दिले, ते वर लिहिले आहे.

कलम ८. हे कलम रद्द केले आहे. का केले, ते नोंदवून ठेवतो.

ही गेल्यापासून तिची यादी कंडक्टरबाईंकडे आहे. बाई एकतीस वर्षे बसवर कंडक्टर होत्या. त्यांच्या आईची खुर्ची आणायला ही गेली होती, तेव्हाची ओळख. आता त्या घरोघर जातात, तशाच बसतात, खुर्चीचे नाव काढत नाहीत. माईकसाहेबांना त्या गौरवासाठी नव्या वाटतात, कारण चारच वर्षे झाली आहेत आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्या आधी नऊ जण आहेत. या कलमात मी हिचे शिवणयंत्र बाईंच्या नावे केले होते आणि त्यांच्या कामाविषयी दीड पान लिहिले होते. साक्षीदार म्हणूनही मला त्यांचीच सही हवी होती.

वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, त्याचा वाटा जातो. साक्षीदार बदला. मी बरोबर आहे असे म्हणून मान डोलावली. आणि मग माझी मलाच चीड आली. पुन्हा एक नियम, पुन्हा बाईमाणसाच्या वाट्याचे जाणार, आणि पुन्हा मान डोलावणारा मीच. शिवाय ते दीड पान बाईंना केव्हा ऐकायला मिळणार होते? मी मेल्यावर. सात कलमे मी ज्याच्या नावाने बोटे मोडली, तेच आठव्यात करून ठेवले होते.

आज सकाळी बाई एका घरचा वॉकर घेऊन आल्या. त्यांना मी हातातला वॉकर ठेवून बसायला लावले. सायकलवाल्याला दुकानातून बोलावले. वकील आणि डॉक्टर सहीसाठी आलेले होतेच. शिवणयंत्र दारात काढून ठेवले, आत्ता नेण्यासाठी. आणि मी उभा राहून ते दीड पान सगळ्यांसमोर वाचले. कोणत्या घरी त्या किती वेळ बसल्या, कोणत्या म्हाताऱ्या बाबांकडे अजून दर आठवड्याला जातात, मला जे जे माहीत होते ते सगळे. भरलेली बस एका हाकेत गप्प करणाऱ्या या बाई खाली मान घालून वॉकरच्या रबरी टोपणांकडे बघत होत्या. मला वाटले, मी त्यांना अवघडून टाकले.

मग त्यांनी पर्समधून फोन काढला.

“दादा, जरा थांबा. मुलाला फोन लावते,” त्या म्हणाल्या. “लागला की पहिल्यापासून वाचा.”

मी पहिल्यापासून वाचले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला असून तो मला मान्य आहे. शेवटच्या पानावर खाडाखोड आहे ती माझीच आहे.

मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त टर्नर

आम्हा दोघांसमोर यांनी सही केली आणि यांच्यासमोर आम्ही केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) निवृत्त बस कंडक्टर
साक्षीदार २: (सही) डॉक्टर

ठिकाण: घराची पुढची खोली, दार उघडे
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे