वन्सं, मी आणि क्रिबेन्सिसची जोडी

११ जानेवारी, रविवार

दुसरा रॅम मासाही मेला! निळा, नाजूक, दिसायला राजपुत्र — आणि पंधरवड्यात उताणा. सात रस्त्यावरचा दुकानदार म्हणाला होता, "आजी, एकदम सोपा मासा. बघता बघता अंडी देईल." सोलापूरच्या बोअरचं जड पाणी याला मानवत नाही, हे सांगायला काय तोंड शिवलं होतं?

वन्सं सोफ्यावरून म्हणाल्या, "खायचे न्हाईत तर पाळायचे कशाला, वैनी?"

दिवाळीत मी बाथरूममध्ये घसरले, तेव्हा सुमितने या आपल्या आत्याला मोडनिंबहून आणून माझ्या घरात बसवलं. पुण्यातून चिरंजीवांचं फर्मान — "आत्या सोबत असेल तर सोलापुरात राहा. नाहीतर फ्लॅट विकू, तू इकडे ये." म्हणजे पहारेकरी!

१९ जानेवारी, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, पुन्हा दुकानात गेले. या वेळी वाचून. टाकी दोन फुटी, आणि मला शोभेचे मासे नकोत, पिल्लं हवीत. म्हातारी काहीतरी जगवू शकते, हे सुमितला दिसू दे.

शंखात राहणारे इवले मासे आपल्या पाण्याला उत्तम, पण इथे मिळत नाहीत. कोकाटू नावाचा मासा मला फार आवडला — अंडी घातली की मादी पिवळीधमक होते आणि नवऱ्याला हाकलून देते! पण छोट्या टाकीत त्या बिचाऱ्याला पळायला जागा नाही, मारच खातो. उरला क्रिबेन्सिस. जड पाणी चालतं, करवंटीत संसार थाटतो, पिल्लं दोघं मिळून सांभाळतात.

"आजी, त्याला डिमांड नाही. फ्लॉवरहॉर्न घ्या, लकी असतो."

"लकचं मी बघते. तू मासे मागव."

२ फेब्रुवारी, सोमवार

जोडी आली. मादी गोलमटोल, पोट चेरीसारखं लाल. करवंटीला कडेने खाच पाडून ती टाकीत पालथी घातली.

"करवंटीत बाळंतपण? लई ब्येस! डिंकाचे लाडू बी करा की," वन्सं म्हणाल्या. आणि हसल्या — एकट्याच.

९ फेब्रुवारी, सोमवार

वन्संना शिळी भाकरी कुस्करून टाकीत घालताना पकडलं. "उपाशी दिसत्यात गं." उपाशी! सगळं पाणी दुधाळ. मी इंग्रजीत ओरडले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं एकही सभ्य वाक्य त्या वेळी आठवलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मादी करवंटीत जाते, तोंडाने वाळू बाहेर काढते, नर पंख फुगवून मिरवतो. अंडी नाहीत.

सुमितचा फोन — "टाकीचं काय एवढं, आई? पुण्यात मोठी घेऊ." घे! मलाही त्यातच ठेव!

३ मार्च, मंगळवार

 

रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले तर टाकी लख्ख! चंद्रग्रहण सुटल्याबरोबर वन्संनी घरातलं साठवलेलं पाणी ओतून दिलं — हंडा, पिंप आणि माझी टाकी! मासे पातेल्यात काढले, वर तुळशीचं पान टाकलं, वाळू घासून धुतली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. ग्रहण लागलं तेव्हा टाकीवर स्वतःचं लुगडंही पांघरलं होतं म्हणे.

"गर्भारशी हाय न्हवं ती? म्हटलं बाधा नको. आन् ग्रहणाचं पानी घरात ठिवत न्हाईत, वैनी."

दोघं कोपऱ्यात, रंग उडालेले, कल्ले जोरजोरात हलतायत. क्लोरीन मारायचं औषध ओतलं. मग वन्संकडे वळले.

"या घराला बाधा एकच आहे. उद्याची एसटी धरा."

४ मार्च, बुधवार

गेल्या. दारातून टाकीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

सुमितला कळलं की हे घर गेलं. मी तर सांगणार नाही. त्या सांगतीलच.

५ मार्च, गुरुवार

मासे जिवंत. खायला मागतायत, निर्लज्ज!

८ मार्च, रविवार

बॅटरी मारून पाहिलं — करवंटीच्या आत, छताला अंडी!! मादी पंखांनी वारा घालतेय, नर दारावर. माझ्या बोटावरही धावून आला.

पुन्हा वाचलं. भरपूर ताजं पाणी घातलं की पुष्कळदा जोडी अंड्यावर येते, असं लिहिलंय. कोणी लिहिलंय हे? मला विचारून लिहायचं!

१२ मार्च, गुरुवार

सुमितचे दोन फोन. उचलले नाहीत. घर फार शांत आहे. बरं आहे. सोफा रिकामा आहे. बरंच आहे.

१७ मार्च, मंगळवार

पिल्लं बाहेर आली. नुसते डोळ्यांचे ठिपके, आणि दोन्ही बाजूंना आईबाप.

फोन उचलला. सुमित म्हणाला, "आत्याशी बोललो. ती म्हणते, 'तुज्या आईला सोबत लागत न्हाय, ती माज्यापेक्षा खमकी हाय, म्हनून मीच निगाले.' तर राहा तू तिथेच. फ्लॅटचा विषय बंद."

जिंकले.

उद्या सकाळी मोडनिंबची एसटी धरते. त्या बाईशी माझं भांडण अर्धवट राहिलंय.