गणपूर्तीअभावी तहकूब

१२ जून, बुधवार
आज गावच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. मंगेशने माझं नाव सुचवलं तेव्हा बाकीचे उठून चपला शोधत होते, पण नाही कोणीच म्हटलं नाही. त्याला एकमतच म्हणतात.
मुलगा बोटीवर, सून पर्वरीला नोकरीला, त्यामुळे तिसरीतल्या गौरवीचा पालक आजोबा म्हणून मीच. बत्तीस वर्षं पंचायत सेक्रेटरी होतो. आता या शाळेला कळेल शिस्त म्हणजे काय.
मुलं सतरा. शिक्षिका एकच, मनीषा टीचर. बाई चांगली, पण मिनिट्स पेन्सिलीने लिहिते.

१५ जून
सरकारी परिपत्रक अवघं दोन पानांचं. फारच ढिलं. त्यावरून सभेचे नियम स्वतः तयार केले. एकोणतीस पानं. नोटीस लेखी, सात पूर्ण दिवस आधी. नोटिशीत नसलेल्या विषयावर चर्चा नाही. अध्यक्ष सोडून पाच सदस्य हजर हवेत, नाहीतर कोरम नाही.
उषाला वाचून दाखवले. चौथ्या पानावर ती बांगडे साफ करायला उठली. तिला कायद्याची आवड नाही.

२७ जून, दुपारी
पहिली सभा. मला बसायला हातांची कदेल, म्हणजे खुर्ची, बाकीच्यांना मुलांची बाकं.
कमलाक्षी म्हणून एक सदस्य आहे. बेळगावकडची, हॉटेलच्या बांधकामावर काम करते, मुलगी तनया चौथीत. अर्धी पाळी बुडवून आली होती. सभा सुरू होताच उभी राहून म्हणाली, मुलींच्या संडासाला मे महिन्यापासून दार नाही. मी तिथेच थांबवलं. विषय नोटिशीत नव्हता. लेखी अर्ज द्या, म्हटलं. तिला मराठी लिहिता येत नाही. तोंडी अर्ज इनवर्डला कसा घेणार?
मंगेशचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "भाऊ, म्हज्याकडेन एक दार पडून आसा. फाल्यां येवन लायतां. ठराव कित्याक जाय?"
म्हणे उद्याच येऊन लावतो! ठराव कशाला लागतो ते चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या. पटलं असावं.

११ जुलै
दुसरी सभा. कमलाक्षीचा अर्ज आला, मनीषा टीचरच्या अक्षरात, खाली कन्नड सही. तारीख नाही! परत केला. मग माझ्याच लक्षात आलं की नोटीस सहाच दिवसांची झाली. काढल्याचा दिवस धरायचा नसतो. नोटीस मीच काढली होती. तरी न डगमगता माझीच सभा मी बेकायदा ठरवली. सगळे थक्क. कमलाक्षी तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. असा अध्यक्ष तिने पाहिला नसेल.

२२ जुलै
उषा म्हणते, गौरवी शाळेतून आली की दप्तर फेकते आणि धावत संडासात जाते. दिवसभर दाबून धरते म्हणे. उषाला सांगितलं, विषय समितीपुढे प्रलंबित आहे, घरी चर्चा नको.
दुपारपासून ती माझ्याशी बोलत नाही. ठीक आहे. काम होतं.

१ ऑगस्ट
तनयाला इस्पितळात ठेवलंय. लघवीचं इन्फेक्शन, ताप. कमलाक्षी इस्पितळात लागणाऱ्या दाखल्यासाठी शाळेत आली होती. म्हणाली, "पोरगी दिवसभर पाणीच पीत न्हाई, सर. तिकडं जायला नको म्हणून."
मी सहानुभूती व्यक्त केली. शोकप्रस्तावाचा छापील नमुना माझ्याकडे आहे, पण तो फक्त मृत्यूसाठी. उपयोग झाला नाही.
पाणी न पिणे हा मुळात घरच्या देखरेखीचा विषय आहे. टीचरला तसं सांगितलं. तिने खिडकीबाहेर बघितलं.

५ ऑगस्ट, सोमवार
घोर प्रकार. काल रविवारी मंगेशने येऊन दार बसवलं! निळं, आतून कडी. सकाळी मुली रांग लावून उगाचच आत जात होत्या, कडी लावत होत्या, काढत होत्या, हसत होत्या. ठराव नाही, मंजुरी नाही, सरकारी भिंतीला भोकं.
मंगेशला फोन केला, दार काढ. तो जे म्हणाला ते इथे लिहीत नाही. टीचरला सांगितलं. म्हणाली, "सर, मी नाही काढणार. काय लिहायचं ते लिहा माझ्याविरुद्ध."
शेवटी स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच बसलो. तासभर लागला. दार पुराव्यासाठी ऑफिसात ठेवलं. मुली व्हरांड्यातून बघत होत्या. गौरवीही.
घरी येताना तिने माझा हात धरला नाही. मोठी होतेय आता.

१४ ऑगस्ट
दार मंजूर करायला खास सभा. मनाचा मोठेपणा म्हणून तो एकच विषय ठेवला. चार जण आले. मंगेश म्हणाला, "तुमकां धरून पांच." पण मी अध्यक्ष, मला धरता येत नाही. माझाच नियम, मीच मोडू? सभा तहकूब. कमलाक्षी मुलीपाशी इस्पितळात होती, तिच्यामुळे कोरम गेला. मिनिट्समध्ये तशी नोंद घेतली, शाईने.

२६ ऑगस्ट
तनया बरी झाली. कमलाक्षी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली, तिचा आणि दोन भाचरांचाही. शेजारच्या गावच्या शाळेत घालणार. मी विचारलं, तिथे असं काय आहे?
"कडी हाय," म्हणाली.
दाखले टीचरने लगेच लिहून दिले. माझी सही लागत नाही म्हणे. हे तपासलं पाहिजे.

१६ सप्टेंबर
गणेश चवथीची सुट्टी संपली. पटावर सात मुलं, बाकीच्यांनीही दाखले नेले. लोकांना शिस्त सोसत नाही.
काल सून येऊन गौरवीला पर्वरीला घेऊन गेली. आता तिथेच शिकणार. जाताना उषा आणि ती दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तर दोघी डबा भरायला लागल्या.
टीचरने विचारलं, तुमचं मूल आता शाळेत नाही, मग अध्यक्ष कसे राहणार? नियम तपासले. खरंच अडचण होती. पान अकरा बदलून घेतलं.

९ ऑक्टोबर
खात्याचं पत्र. पट कमी म्हणून दिवाळीनंतर आमची शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायचा विचार आहे. समितीचं मत आठ दिवसांत कळवावं. म्हणजे खातंसुद्धा अध्यक्षाला विचारून काम करतं! ताबडतोब नोटीस काढली. सात पूर्ण दिवस.

१७ ऑक्टोबर
सभेला एकटी मनीषा टीचर. आम्ही दोघं अर्धा तास बसलो. ती म्हणाली, "सर, दोन ओळी लिहा की शाळा हवी आहे. मी घेऊन जाते. आज शेवटचा दिवस आहे." तिचे डोळे भरले होते. बारा वर्षं आहे इथे.
कोरमशिवाय समितीचं मत होत नाही. तिला नियम वाचून दाखवला. ऐकून घेतला पूर्ण. मग वही माझ्यापुढे ठेवून गेली.
मत गेलं नाही. पण चुकीच्या पद्धतीने गेलं नाही, हे महत्त्वाचं.

२० नोव्हेंबर, सकाळी
शाळेला कुलूप. टीचर बदलीवर गेली. तरी तहकूब सभा पूर्ण करणं माझं कर्तव्य. नोटीस फाटकावर लावली होती. नऊ वाजता पायरीवर बसून सुरुवात केली.
कमलाक्षी आली. खरं तर नव्या शाळेची बस आमच्याच फाटकापाशी थांबते. तनयाला घेऊन उभी होती. मला एकट्याला बघून पायरीवर येऊन बसली. "मीटिंग हाय काय, सर?" म्हणाली. हो म्हटलं. ती आता सदस्य नाही, त्यामुळे हजेरी घेता आली नाही. पण मागील सभेचा वृत्तांत मोठ्याने वाचला. तिने मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी मधे बोललं नाही.
विषय क्रमांक दोन वाचत होतो, तेवढ्यात बस आली. ती उठली, मुलीला चढवलं आणि तशीच कामावर गेली.
मी तीनही विषय पूर्ण वाचले.
घरी उषाने विचारलं, कोण कोण आलं होतं?
बरीच होती, म्हटलं.
ती चहा ठेवून आत गेली.