पेटीची सहावी कडी

मी, देओलिंदा मेदेइरोश रापोझू, कैलासवासी हर्मिनियो रापोझू यांची विधवा, वय वर्षे पंच्याऐंशी, जन्म साओ मिगेल बेटावरचा, राहणार फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, धंदा पूर्वी गिरणीत कोटांच्या बाह्या शिवण्याचा व हल्ली इतरांच्या चुका काढण्याचा, आज माझ्याच घराच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था सांगत आहे. सांगत आहे, लिहीत नाही. मला अक्षरओळख नाही. लिहून घेणारी माझ्या नणंदेची नात, वकील नोएमिया. तिला बजावलं आहे की मी बोलेन ते लिहायचं, सुधारायचं नाही. मला कोणाला सुधारता आलं असतं तर आधी तिच्या आजीला सुधारलं असतं.

डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे. डोकं थकलेलं नाही. शंका असेल त्याने नोएमियाला विचारावं, ती सकाळपासून रडकुंडीला आली आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा नणंद झुल्मिराशी भांडताना तोंडी केलं होतं, ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं हे तीन मजली लाकडी घर आणि मागचा द्राक्षाचा मांडव ही माझी स्वकष्टाची व नवऱ्याच्या कष्टाची मिळकत. तळमजला मुलगी लुसीलिया हिला. मधला मजला मुलगा गिल्बर्टो, म्हणजे गिल, याला. वरच्या मजल्याचं भाडं येईल ते छपरावर घालावं, कारण छप्पर कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि गळतं मात्र सगळ्यांवर. तळघर दोघांचं.

इथे नोएमियाने लेखणी थांबवून विचारलं, "वावो, मामाच्या हिश्श्याला अट घालायची का?" वावो म्हणजे आजी, मला सगळी पोरं तेच म्हणतात. पुढे काय येणार ते तिला ठाऊक आहे. अट घालायची नाही. घर दाखवून खरं बोलायला लावलं तर ती लाच झाली. गिलला त्याचा मजला विनाअट मिळेल.

कलम २. सुपाचं मोठं पातेलं. हे झुल्मिरा आपलं म्हणते. तिचं नाही. माझ्या आईने बोटीवर चढताना माझ्या डोक्यावर दिलं होतं, झुल्मिरा तेव्हा पाळण्यात होती. पवित्र आत्म्याच्या सणाला जो दारात येईल त्याला पाव आणि गोमांसाचं सूप, वर पुदिन्याची काडी घालून, याच पातेल्यातून वाढलं. गिल कॉलेजच्या ज्या फुटबॉल संघाला शिकवतो त्यालाही दर ऑगस्टात, सरावाच्या पहिल्या दिवशी, याच पातेल्यातून. पातेलं सणाच्या मंडळाला द्यावं. झुल्मिराला झाकण द्यावं. झाकण तिचंच आहे, हे मी आज प्रथमच कबूल करते.

लाकडी डाव कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साहेबांना पोचवावा. यंदाच्या ऑगस्टात त्यांनी "बाहेरचं अन्न सुरक्षित नाही" म्हणून माझं पातेलं फाटकातून परत पाठवलं. मैदानावर जो मुलगा मेला, त्याचं पुढे येईल, तो सुपाने मेला नव्हता. डाव त्यांनी टेबलावर ठेवावा, कधीतरी कोणाला वाढायची इच्छा झाली तर हाताशी असेल.

कलम ३. शिवणयंत्र, कात्र्या आणि बटणांचा डबा लुसीलियाला. सोन्याची साखळी माझ्या गळ्यातच राहू द्यावी. बँकेत जे असेल त्यातून चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी मिसा सांगाव्यात आणि अंत्यविधीचं सूप करावं. पुदिना कमी पडू देऊ नये.

कलम ४. माझा मुलगा गिल याच्याविषयी. हे कलम मिळकतीचं नाही, तरी लिही.

गिल टेकडीवरच्या कॉलेजात मुलांच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक. हेल्मेट घालून डोकी आपटतात तो फुटबॉल नव्हे, पायाने खेळतात तो. कॉलेजचं नाव घालू नको असं नोएमियाच म्हणाली, म्हणून घालत नाही. इथल्या पोरांनाही माहीत आहे.

चर्चखालच्या बागेत खेळून तो मोठा झाला. खेळाच्या जोरावर फुकट शिकला, आमच्या घरात पुस्तक घेऊन झोपणारा पहिला. त्याच कॉलेजात मदतनीस म्हणून परत गेला. मैदानावर रेघा आखायच्या, संघाची गाडी हाकायची आणि मुलांचे घामट मोजे माझ्या मशीनमध्ये धुवायचे, हे ते काम. मग म्हातारे प्रशिक्षक निवृत्त झाले आणि संघ याच्या हाती आला. पहिल्या वर्षी सगळीकडे हरला. चर्चमध्ये लोक माझा हात असा धरत की जणू घरात मयत झाली आहे. मग जिंकायला लागला. मग तेच लोक म्हणायला लागले, "आमचा गिल."

त्याचं खरं कसब मैदानावर नव्हतं. ते होतं आयांच्या स्वयंपाकघरात. चांगला खेळणारा मुलगा आपल्याकडे यावा म्हणून हे प्रशिक्षक घरोघरी जातात. बाकीचे बापाशी बोलत, गिल आईशी बोले. पुढ्यात येईल ते जेवायचा, दुसऱ्यांदा मागून घ्यायचा आणि ताट पुसल्यावर म्हणायचा, "याला माझ्याकडे द्या. मी बघेन याच्याकडे." असा शब्द घेऊन किती आया माझ्या सुपाच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या, सांगता येत नाही.

आणि त्याचा एक नियम होता. धावताना जो पडेल त्याला कोणी हात लावायचा नाही. ज्याचा तो उठेल. हा नियम त्याच्या बापाचा. याच उतारावर हर्मिनियो त्याला चेंडू घेऊन पळवायचा. पोर पडलं की मी भांडी धुता धुता धावायची आणि हर्मिनियो ओरडायचा, "राहू दे, उठेल!" मी उचलायची. त्यावरून आमची जी भांडणं झाली ती शेजाऱ्यांना पाठ आहेत. गिलला बापाचं ओरडणं लक्षात राहिलं, माझे ओले हात राहिले नाहीत.

मुलांना त्या नियमाचा अभिमान. सरावाच्या बनियनवर पाठीमागे छापून घेतलेला. मला वाचता येत नाही म्हणून एका नव्या मुलाने वाटी पुढे करत वाचून दाखवला होता, "वावो, इथे लिहिलंय, स्वतःचा स्वतः ऊठ."

"मग सूपही स्वतःचं स्वतः घे," मी म्हटलं.

"ते तुम्हीच वाढा," तो म्हणाला. "तुमच्या हातचं जास्त येतं."

त्याचं नाव आदेरितो तावारेश. न्यू बेडफर्डचा, केप व्हर्दी लोकांपैकी.

कलम ५. आदेरितोविषयी.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टात, सरावाच्या पहिल्या दिवशी, तो गेला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ठरल्या वेळात धाव पुरी करायची, जो करणार नाही त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धावायचं, अशी रीत. मैदान नवं, प्लास्टिकच्या गवताचं, उन्हात तव्यासारखं तापणारं. आदेरितो सगळा उन्हाळा आईबरोबर माशांच्या कारखान्यात, बर्फाच्या खोलीत खोकी भरत होता. अंगाला उन्हाची सवयच नव्हती.

त्या संध्याकाळी गिल इथे आला, माझ्यासमोरच्या बाकावर बसला. पुढ्यातलं काही खाल्लं नाही.

"आई, तो पडला. मी बघितलं."

"मग?"

"पोरं त्याला वळसा घालून धावत राहिली. एक जण थांबून वाकला. मीच ओरडलो, 'हात लावू नको, उठेल तो.'"

"आणि?"

"पुढची फेरी आली. परत वळसा घातला."

मी विचारलं नाही, तोच म्हणाला, "नाही उठला गं."

कॉलेजने पत्रक काढलं की मुलगा पडताक्षणी मदत पोचली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय जन्मापासून अधू होतं, कोणी काही करू शकलं नसतं. असेल. मी डॉक्टर नाही. पण पत्रक खोटं आहे, हे मला त्याच्याच तोंडून माहीत आहे. गिलची नोकरी राहिली. त्या हिवाळ्यात संघ कुठलासा चषकही जिंकला. बनियनवरची अक्षरं तेवढी काढली म्हणतात.

कलम ६. इवोनविषयी.

इवोन तावारेश ही आदेरितोची आई. सणाला जो येईल त्याला वाढायचं, म्हणून या वर्षी तीही आली. माझ्या हातून वाटी घेतली आणि माझ्याशेजारी बसली. सूप निवेपर्यंत वाटी हातात धरून होती.

"मावशी, एकच विचारते," ती म्हणाली. "तो पडला तेव्हा त्याचं डोकं कोणाच्या मांडीवर होतं? पत्रकात मदत म्हणून लिहिलंय. मदतीला काही नाव असेल ना?"

मी म्हटलं, "ते तुला गिल सांगेल. एखाद्या रविवारी तुझ्या घरी येऊन, तुझ्या टेबलावर बसून. हा माझा शब्द."

"त्या टेबलावर तो जेवलाय, मावशी. दोनदा वाढून घेतलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर."

तेव्हापासून ती रविवारी कुठे जात नाही. घरीच थांबते. सण उन्हाळ्याच्या तोंडाला होता, आता झाडांची पानं गळताहेत.

मीच का सांगितलं नाही, असं कोणी म्हणेल. शब्द ज्याने दिला त्याने जाऊन सांगायचं. मी गेले तर तिला बातमी मिळेल, तिला बातमी नकोय.

नोएमिया म्हणते, "वावो, मृत्युपत्र कोर्टात दाखल होतं. तिथे कोणीही वाचू शकतं. हे कलम राहिलं तर तुम्ही गेल्यावर तिला कागदावरून कळेल."

राहू दे. म्हणजे गिलला मुदत किती, ते कळेल. माझ्याएवढी.

कलम ७. अंत्यविधी. चर्चच्या पायऱ्या चौदा की पंधरा यावर वाद आहे, पण उंच आहेत यावर नाही, म्हणून खांदेकरी धडधाकट घ्यावेत. पेटीला सहा कड्या असतात. डावीकडे जावई अर्लिंडो, बेकरीवाल्याचा थोरला सेराफीम आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. उजवीकडे पायाशी पुतण्या टिबेरियो. मधे केविन ओहेअर, हा गिलचा एके काळचा कप्तान, आता अग्निशमन दलात आहे आणि पडलेल्यांना उचलण्याचाच पगार घेतो. उजवीकडे डोक्याशी जी सहावी कडी, ती आमच्यात मुलाची.

इथपर्यंत सांगून झालं आणि गिल पाव घेऊन जिन्याने खाली आला. बरं झालं. मी नोएमियाला म्हटलं, वाच. तिने चौथ्या कलमापासून वाचलं. तो उभ्यानेच ऐकत होता. पाव हातातच होता.

"आई, हे लिहू नको."

"लिहून झालंय."

"कॉलेजच्या वकिलांनी मला तिच्याशी बोलायची बंदी केलीय. ऐकतेस का? बंदी."

"वकील माझ्याकडेही आहे. ही बघ. हिची काही बंदी नाही."

"तुला वाटतं मला झोप लागते?"

"नाही वाटत. तिलाही लागत नाही. दोघं एका टेबलावर तरी बसा."

"काय सांगू तिला? मी बघत होतो, हे सांगू?"

"हो."

मग मी सांगितलं, ते असं लिहावं: गिल इवोनच्या टेबलावर बसून आला, तर सहावी कडी त्याची. नाही आला, तर ती कडी कोणी धरायची नाही. बदली माणूस घ्यायचा नाही.

"पाच जणांनी उचलली तर पेटी कलंडेल, आई. पायऱ्यांवर पडेल."

"पडू दे. पडले तर कोणी हात लावू नका. माझी मी उठेन."

असा हा माझा शेवटचा इरादा. वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.

ठिकाण: फॉल रिव्हर. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१६.

निशाणी: देओलिंदा मेदेइरोश रापोझू, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: १. ऑरेलियो बोटेल्यु, बेकरीवाले. २. नॅटेर्सिया पाश्को, घरी येणारी परिचारिका. आम्हा दोघांसमक्ष अंगठा केला. आम्हांस या मृत्युपत्रान्वये काहीही मिळावयाचे नाही.

लिहिणारीची नोंद: अंगठा करण्यापूर्वी गिल्बर्टो रापोझू पाव टेबलावर ठेवून निघून गेले. तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरची फक्त चाके दिसतात. न्यू बेडफर्डचा रस्ता डावीकडे खाली जातो, कॉलेजचा उजवीकडे टेकडीवर. त्यांच्या गाडीची चाके उजवीकडे वळली. चार वाजता संघाचा सराव असतो. सातव्या कलमात सहाव्या कडीपुढची जागा कोरी राहिली होती. कागदात कोरी जागा सोडू नये म्हणून मी तिच्यावर रेघ मारू लागले, तेव्हा मृत्युपत्र करणारीने माझा हात धरला आणि म्हटले, "रेघ नको. अजून मी आहे." सबब ती जागा त्यांच्या सांगण्यावरून कोरी ठेवली आहे.

नोएमिया रापोझू फुर्तादु, वकील.