मॅगझिनचं राहू दे

मंगळवार, दिनांक ९
दुकानातून

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तो तू 'बरं, बरं' म्हणून उडवून लावणार हे माहीत आहे, तरी रीत म्हणून आधी तोच लिहिते. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि हे गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात. बाबांच्या दुकानाचं म्हणशील तर आता बंदुका कमी आणि शिवणयंत्रं जास्त असा कारभार झाला आहे. बाबा असते तर पाटीवरचं 'शस्त्रदुरुस्ती' पुसून टाक म्हणाले असते. मी ते तसंच ठेवलं आहे, कारण रंगाऱ्याला वर चढवायचं म्हणजे ह्यांना शिडी धरायला लावावं लागेल.

आता तुझं काम. तुझ्या गल्लीतले ते बँकेचे निवृत्त पहारेकरी तू विकत घ्यायचं म्हणतोस ते पिस्तूल शनिवारी घेऊन आले. माणूस सरळ आहे, पण आपल्या वस्तूचं कौतुक करायला लागला की थांबत नाही. 'बाई, अगदी नव्यासारखं आहे,' म्हणाले. मी म्हटलं, 'काका, नव्यासारखं म्हणजे नवं नव्हे. मला बघू द्या.' परवान्याचे कागद तपासले, पिस्तुलावरचे नंबर जुळवले, पावती दिली आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

वरून पाहशील तर नाक मुरडशील. नळीच्या टोकाशी आणि वरच्या सरकत्या स्लाइडच्या कडांना काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसतं आहे. पण ते कातडी म्यानात घासून झालेलं. नवखं गिऱ्हाईक इथेच फसतं. वरून चकचकीत दिसेल ते घेतं आणि आतून झिजलेलं घरी नेतं. याचं उलट आहे. काकांनी हे वर्षानुवर्षं कमरेला वागवलं, चालवलं मात्र फारसं नाही. नळीत दिवा धरून पाहिलं. आतले पीळदार आटे ताजे आहेत, गंजाचा डाग नाही, कुठे फुगवटा नाही. स्लाइड जेवढी सैल असावी तेवढीच सैल. रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा शाबूत आहे. मुठीच्या स्क्रूंची डोकी मात्र कुणीतरी भलत्याच पेचकसाने खाऊन टाकली आहेत. कुणी केलं हे, असं विचारल्यावर काका खिडकीबाहेर बघायला लागले, म्हणजे त्यांनीच. आतलं वंगण सुकून गोंद झालं होतं, ते काढलं. मोठी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून पाहिली, दबून चांगलीच आखूड झाली आहे. नवी आपल्याकडे आहे, बदलून देईन.

मग सरावाच्या मैदानावर नेऊन चालवून पाहिलं, आणि मेख आहे ती इथे. गोळ्या भरायचं त्याचं स्वतःचं मॅगझिन लावलं की पहिली गोळी नीट जाते आणि दुसरी अडकते. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. मॅगझिनचे वरचे ओठ फाकले आहेत, त्यामुळे पुढची गोळी तोंड वर करून बसते. माझ्याकडचं मॅगझिन लावलं तर एकदाही अडलं नाही. म्हणजे पिस्तूल चोख, मॅगझिन रद्दी. त्या जातीचं सहज मिळत नाही, मागवावं लागेल आणि वेळ जाईल. माझंही देता येत नाही, मैदानावर मला तेवढं एकच आहे. नवं येईपर्यंत घेऊ नकोस. किमतीचं म्हणशील तर काका सांगतात तो आकडा म्यानासकट आणि कौतुकासकट आहे. मॅगझिन आणि स्प्रिंग वजा कर, स्क्रूंबद्दल त्यांना थोडं लाजव, मग उरेल ती खरी किंमत. त्या किमतीला वस्तू चांगली आहे.

आणखी एक. बाबांचा नियम तुला आठवत असेलच. हत्यार घेणाऱ्याने घरातलं एक माणूस सोबत आणायचं. बाबा त्या माणसासमोर हत्यार सगळं उघडून दाखवायचे आणि विचारायचे, 'हे घरात आलं तर चालेल का?' घेणाऱ्याला नाही, त्या माणसाला. ते माणूस मान खाली घालून 'हे म्हणतील तसं' असं काही बोललं, की हत्यार परत कपाटात. त्या बड्या कंत्राटदाराला त्यांनी म्हातारी आई घेऊन या म्हणून गाडीत परत बसवलं होतं, तेव्हा आपण दोघं बाकाखाली बसून किती हसलो होतो. मी तो नियम मोडलेला नाही आणि सख्ख्या भावासाठीही मोडणार नाही. तेव्हा येताना वहिनींना घेऊन ये. तुझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांची सोन्याची घड्याळं असतात, चोऱ्या वाढल्या आहेत, हे तू मला लिहिलंस ते त्यांनाही पटलं असेलच.

तुझ्या पत्रात वहिनींचं नावही नाही, भांडलात की काय? आणि अक्षराला काय झालं आहे? घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस तू, आणि ओळी अशा वर चढत चालल्या आहेत की पुढच्या पानावर छतच फुटेल. नीट बसून लिहीत जा.

तुझी,
चिमटा


सोमवार, दिनांक २२
घरून

दादा,

आज नमस्कार शेवटी करणार आहे.

हे पत्र तुला वहिनी वाचून दाखवत आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर आमचे हे बसले आहेत, गुडघा चोळत. हे सगळं मी ठरवून केलं आहे. रागव हवं तर, पण ऐकून घे. वहिनी, वाटलं तर मध्ये थांबून पाणी प्या, पण गाळू काही नका.

मी स्वतः आज आले नाही, कारण समोर बसले की मी भांडते नाहीतर रडते, आणि दोन्हीत म्हणायचं ते राहून जातं. फोनवर तू 'हो, हो, ठेवतो' म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. म्हणून पत्र. उद्या मी येतेच आहे.

तुझं उत्तर मिळालं. 'मॅगझिनचं राहू दे. पहिली गोळी नक्की जाते ना, एवढंच कळव. पिस्तूल काकांबरोबर परत पाठव, बाकीचं मी बघतो. तुझ्या वहिनीला यात आणू नकोस.' बस, एवढंच. अक्षरावरून मी चिडवलं त्याला उत्तर नाही. तू मला कधी उत्तर दिल्याशिवाय सोडलं आहेस?

मी ते वाचलं तेव्हा बाकावर एक शिवणयंत्र उघडं पडलं होतं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या कुणाला या ओळींत काही दिसलं नसतं. ह्यांना दाखवल्या, तर हे म्हणाले, 'बरोबर आहे की, घाई असेल त्याला.' पण चोराच्या भीतीने पिस्तूल घेणारा माणूस काय काय विचारतो, ते तू बाबांच्या बाकाखाली बसून माझ्याइतकंच ऐकलं आहेस. गोळ्या किती बसतात, दुसरं मॅगझिन मिळेल का, ऐन वेळी अडलं तर काय करायचं. दुसरी गोळी अडकते म्हटलं की तो उठून चालायला लागतो. या दुकानात वाढलेला माणूस 'मॅगझिनचं राहू दे' म्हणत नाही, दादा. एकच गोळी पुरणार असेल तरच म्हणतो.

मागच्या पत्रात मी तुला ते मॅगझिनचं एवढं सविस्तर का लिहिलं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. सवयीने लिहिलं असेल. किंवा तुझ्या त्या चढणाऱ्या ओळी पाहून मनात कुठेतरी पाल चुकचुकली असेल आणि तू भांडून उठशील याची मी वाट पाहत असेन. 'अशी रद्दी माझ्या गळ्यात मारतेस?' असं तू लिहिलं असतंस तर मी पोटभर हसले असते.

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहिते. ते पिस्तूल तू चोरासाठी मागत नव्हतास. स्वतःचा जीव घ्यायला मागत होतास. माझं चुकलं असेल तर उद्या माझ्या तोंडावर सांग, मी तुझे पाय धरून माफी मागीन आणि इतक्या आनंदाने मागीन की तू चकित होशील. पण माझं चुकलेलं नाही.

पत्र वाचलं त्याच दुपारी मी वहिनींना फोन केला. आधी सोन्याच्या घड्याळांचं विचारलं. त्या म्हणाल्या, 'अगं, कुठली घड्याळं? सगळी परत केली त्यांनी, दुरुस्त न करताच. रोज डबा घेऊन जातात, शटर अर्धं खाली ओढून नुसते बसतात आणि संध्याकाळी येतात. डबा कधी उघडतात, कधी नाही. मला वाटलं, बोलतील आपणहून.' मग डोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही. मला ते कुणीच सांगितलं नव्हतं, कारण तू त्यांना शपथ घातली होतीस. ती त्यांनी मोडली, त्याबद्दल त्यांना एक शब्द बोलायचा नाही. आणि मी मात्र तुला अक्षरावरून चिडवत बसले. त्याचं मला फार वाईट वाटतं.

नजर जाणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं मी म्हणणार नाही. ज्याने जन्मभर भिंग डोळ्याला लावून काम केलं, त्याला कसं वाटत असेल ते मला कळतं, असंही म्हणणार नाही. मला ते कळत नाही. मला एवढंच कळतं की तू नसलास तर मला 'चिमटा' म्हणणारं या जगात कुणी उरणार नाही, आणि वहिनी रोज तो डबा कुणासाठी भरतील? हा स्वार्थ आहे म्हणशील. असू दे.

पिस्तूल काकांना परत दिलेलं नाही, ते तुझ्या गल्लीत राहतात म्हणून. माझ्या कपाटात आहे, गिऱ्हाईकही मीच शोधीन, आणि काका रुसले तर रुसू देत. तुझा परवाना ह्यांच्या हाती दे, मुकाट्याने. धंद्यातल्या ओळखीच्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे की माझा भाऊ आला तर आधी मला फोन करा. कारण सांगितलेलं नाही. गुरुवारी वहिनींनी दवाखान्यात वेळ घेतली आहे. डोळ्यांसाठी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की असं मन खचतं तेव्हा त्याच्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. बाई आहेत, शांत बोलतात म्हणे. मीही सोबत आहे. त्यांच्याशी वाकडं बोललास तर तिथेच चिमटा काढीन.

दुकानाचं एक बोलायचं आहे, पण उपकार म्हणून बोलावते असं समजू नकोस. बाबा आपल्या दोघांच्या हातांवर फडकं टाकून कुलूप सुटं करायला आणि परत जोडायला लावायचे, आठवतं? मी फडकं हळूच वर करून बघायचे. तू कधीच बघितलं नाहीस, आणि माझ्या आधी जोडून शीळ घालत बसायचास. मला राग यायचा तो शिळेचा. आता ही शिवणयंत्रं येतात ना, त्यांचा निम्मा दोष आवाजातच असतो, आणि मी कानाने पहिल्यापासून ढ. बाबा म्हणायचे तसं 'हिला ढोल वाजला तरी कुठे वाजला ते कळत नाही.' सगळं यंत्र खोलून बसते आणि शेवटी सापडतो एक सैल स्क्रू. तू नुसतं चाक फिरवून सांगशील. डॉक्टरबाई म्हणतील तेव्हा ये, त्याआधी नाही. आणि बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला राहील. तुला त्या खोलीत मी पाऊल टाकू देणार नाही. तुला अपमान वाटला तर मला चालेल.

तू मला विचारलं होतंस की पिस्तूल भरवशाचं आहे का आणि किंमत काय. त्याचं उत्तर मी लिहिलं, ते खरं आहे. पण तो कारागिराचा हिशोब झाला. बाबांनी तेवढ्यावर कधी हत्यार दिलं नाही. घरातलं माणूस आण म्हटलं तर तू आणलं नाहीस. पिस्तूल उघडून मी पुसत होते तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते माणूस तर बाकाशी बसलेलंच आहे. मलाच कुणी विचारलं नव्हतं. तर विचारलंस असं समज, आणि मी मान खाली घालून तू म्हणशील तसं म्हणणार नाही. हे घरात आलेलं चालणार नाही, दादा. मला चालणार नाही.

वहिनी, आता पत्र बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. उत्तर त्याने तोंडाने सांगायचं, तुम्ही लिहायचं. ओळी सरळ येतील, आणि काय वाटतं ते तुमच्या कानावरून गेल्याशिवाय माझ्यापर्यंत यायचं नाही.

सुरुवातीचा नमस्कार राहिला होता, तो आता करते. आज तो 'बरं, बरं' म्हणून उडवू नकोस. घे.

तुझ्या घरातलं एक माणूस,
चिमटा